बापूंची हत्यारपेटी आणि दहा बाय अठराची शेड: घरच्या वर्कशॉपला सुरुवात कुठून करू?

अंबाजोगाईकर (धागाकर्ता)

मंडळी, हा प्रश्न दोन वर्षं मनात घेऊन फिरतोय.

आमचे बापू साखर कारखान्यात फिटर होते. बत्तीस वर्षं नोकरी झाली, आणि त्यानंतरही गल्लीतल्या पाण्याच्या मोटारी, सायकली, कडबाकुट्टीची यंत्रं आमच्याच अंगणात यायची. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांची हिरवी लोखंडी पेटी तेव्हापासून जिन्याखाली पडून होती. मी पुण्याहून बदली घेऊन आता कायमचा घरी आलोय. गेल्या रविवारी पेटी उघडली. कडी गंजानं धरली होती, डिझेल सोडून रात्रभर ठेवली तेव्हा सुटली.

आत काय आहे ते लिहितो. डबल एंड पान्यांचा संच ६-७ पासून २०-२२ पर्यंत, पण त्यातला १६-१७ नाही. चार रिंग पाने, १४ इंची पाइप पाना, दोन छिन्न्या, हॅक्सॉची फ्रेम, तीन कानशी (एक अर्धगोल), दांडा हलणारी बॉल पेन हातोडी, गुण्या, बाहेरचं माप घ्यायचं कॅलिपर आणि सहा इंची पोलादी पट्टी. सगळ्यावर गंज आहे, काहींवर वरवर तर काहींवर खोल. प्रत्येक पान्याच्या दांड्यावर सेंटर पंचनं ठोकलेली तीन टिंबं आहेत. कारखान्यात सगळ्यांचे पाने सारखेच दिसायचे, म्हणून ही बापूंची खूण.

जागा म्हणजे घरापुढची गाडी लावायची पत्र्याची शेड, दहा बाय अठरा फूट. गाडी आता लिंबाखाली लावीन. शेडची एक बाजू म्हणजे घराची जुनी दगडमातीची भिंत, दोन बाजूंना पत्रा, समोर मोकळं. खाली कोबा आहे, तो दोन ठिकाणी तडकलाय. लाइटचा एकच साधा पॉइंट.

कामं: मोटारसायकल, शेतातल्या दोन मोटारी, ठिबकची डागडुजी, घरातली खुर्ची-कपाटं, आणि हात बसला तर पुढं वेल्डिंग. आत्ता पंधरा हजार बाजूला काढलेत. ऑनलाइन शंभर-दीडशे तुकड्यांचे संच दिसायलेत, एकाच पेटीत सगळं. तो घेऊ का? आणि हे मांडायचं कसं? खंडेनवमीला बापू ही सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडून पूजा करायचे. यंदा त्या दिवसापर्यंत प्रत्येक हत्याराला स्वतःची जागा मिळावी, एवढंच मनात आहे.

वाळूजचा फिटर

दादा, आधी बापूंना नमस्कार. तीन टिंबांची खूण वाचून माझ्या पहिल्या उस्तादांची आठवण आली, ते एक आडवी रेघ मारायचे.

मी वाळूजला मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं काढली. शंभर तुकड्यांचा संच घेऊ नका. त्यात तुकड्यांची संख्या भरते ती स्क्रू ड्रायव्हरच्या टोकांनी आणि एलन कीच्या बारक्या तुकड्यांनी. तुमच्या कामाला रोज लागणारी मापं आठ-नऊच आहेत. ती वहीत लिहून ठेवा:

५ मिमीच्या बोल्टाला ८ चा पाना, ६ च्या बोल्टाला १० चा. ८ मिमीच्या बोल्टापासून घोळ सुरू होतो. जपानी पद्धतीच्या मोटारसायकलींना त्याचं डोकं १२ चं असतं, इतर बहुतेक ठिकाणी १३ चं. १० मिमीच्या बोल्टाला मोटारसायकलवर १४, जुन्या जर्मन मापात १७, नव्या आंतरराष्ट्रीय मापात १६. १२ मिमीच्या बोल्टाला १७, १८ किंवा १९, कुठल्या पद्धतीचा आहे त्यावर. म्हणून तुमच्या पेटीतला १६-१७ हरवलाय हे साधं नाही, मोटारीच्या आणि पंपाच्या कामात सगळ्यात जास्त हात जातो तो त्याच पान्याकडं. आधी तो सुटा घ्या. नाशिकची टपारिया घ्या नाहीतर जालंधरचा कुठला चांगला माल, पण सुटा घ्या. सुटे पाने मिळतात, संच घ्यायची सक्ती नसते.

गोट्या (बोल्टाच्या डोक्यावर बसणारे सॉकेट) घ्यायच्या तर अर्ध्या इंचाच्या चौकाच्या ८ पासून २४ पर्यंतचा छोटा संच पुरे. आतून सहा कोनांच्या बघून घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या बोल्टाचे कोपरे खाते आणि मग तो बोल्ट छिन्नीनंच निघतो.

मांडणीचं सविस्तर लिहितो, पण रात्रपाळी आहे, उद्या.

लातूरची गंजगोलाई

पाने तुमच्याकडं आहेत. कानशी आहेत. नाही ते वाईस, काम घट्ट धरायचा शिकंजा. पहिला पैसा वाईसवर घाला. हातात धरून कानस मारता येत नाही आणि पायाखाली दाबून पाइप कापला तर पाय जातो. पाच इंची घ्या, त्याच्या खाली नको.

जुना बाजार फिरणारा

वाईस जुनाच घ्या, भाऊ. संभाजीनगरला जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडं बंद पडलेल्या वर्कशॉपचा माल येतो. जुनं बीड (ओतीव लोखंड) जड असतं आणि त्याची झीज दिसून येते, काही लपत नाही.

घेताना चार गोष्टी मी कधी चुकवत नाही. जबडे पूर्ण बंद करून उजेडाकडं धरायचं. वरून-खालून सारखी फट नसेल तर सोडून द्यायचं. दांडा फिरवायला लागल्यावर जबडा लगेच हलला पाहिजे. अर्धा फेरा रिकामा गेला तर आतला स्क्रू किंवा नट झिजलाय. अंगावर कुठं रंगाचा जाड थर एकाच जागी असेल तर नखानं खरवडायचं, कारण बिडाला वेल्डिंग केलेलं रंगाखाली झाकतात. आणि शेवटी हातोडीनं हलकेच वाजवायचं. चांगलं बीड स्वच्छ आवाज देतं, तडकलेलं बद्द वाजतं. माठ घेताना आपण वाजवतो ना, तसंच.

मी असा एक सहा इंची वाईस किलोच्या भावानं आणला. अकरा वर्षं झाली. त्यावर माझ्या मुलीनं आयटीआयचं पहिलं जॉब केलं.

अंबाजोगाईकर (धागाकर्ता)

संच रद्द. १६-१७ बद्दल एवढं माहीत नव्हतं. आईला विचारलं, ती म्हणाली, बापू तो कुणालातरी द्यायचे आणि परत आणायला जायचे नाहीत.

वाईस कशावर बसवू? भिंतीला लोखंडी ब्रॅकेट मारून टेबल करावं म्हणतोय.

जालन्याचा सळईवाला

भिंतीला अजिबात नको! दगडमातीची भिंत वरचा भार खाली घेते, पण बाजूनं ओढ बसली की फास्टनरभोवतीची माती भुगा होऊन पडते. वाईसवर तुम्ही जोर लावणार, हातोडी मारणार, ते सगळं भिंतीत जाणार. आपल्या भागानं १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात पाहिलंय, दगडमातीची जाड भिंत हादरा बसला की काय करते. भिंत शांत राहू द्या. टेबल स्वतःच्या चार पायांवर उभं करा.

जालन्याला रोलिंग मिलांमुळं अँगल, चॅनल, सळई असं सगळं किलोवर मिळतं, आखूड तुकडेही मिळतात. तुम्ही अंबाजोगाईत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ४० बाय ४० बाय ५ चा अँगल घ्या आणि त्याच्याकडूनच पाच फूट बाय दोन फुटांचा सांगाडा जोडून घ्या. चारही पायांना खालून सहा इंचांवर आडवा अँगल हवाच, तिथं फळी टाकून जड सामान ठेवायचं. त्या वजनानंच टेबल जागचं हलत नाही. वर जाड फळी. जुन्या वाड्याच्या माळवदाचं सागवान मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही.

उंचीचं माप पुस्तकात बघू नका. वाईसच्या शेजारी सरळ उभं राहून हात कोपरात दुमडा. कोपर आणि वाईसच्या जबड्याचा वरचा भाग एका रेषेत आला पाहिजे. जमिनीपासूनच्या कोपराच्या उंचीतून वाईसची उंची वजा केली की टेबलाची उंची निघते. आणि वाईस टेबलाच्या अगदी काठावर, आतला जबडा काठाच्या थोडा बाहेर राहील असा बसवा. लांब पट्टी उभी धरायची तर ती खाली मोकळी लोंबली पाहिजे.

कोबा तडकलाय म्हणता म्हणजे खाली काळी माती असणार. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, फरशी तिच्यासोबत हलते. टेबलाच्या पायांना बोल्टाचे पाय लावून घ्या आणि वर्षातून दोनदा पाणसळ लावून सरळ करा.

वाळूजचा फिटर

आता मांडणी.

आमच्या प्लांटमध्ये फाइव्ह एस आलं तेव्हा मला ते साहेबलोकांचं वाटायचं. पाच जपानी शब्द भिंतीवर लावले होते: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. निवडा, लावा, झाडा, तसंच ठेवा, सवय करा. मग एक दिवस लाइन बंद पडली आणि आम्ही तिघं एका सर्क्लिप पकडीसाठी वीस मिनिटं तीन ड्रॉवर उपसत होतो. तेव्हा मला पटलं. घरी येऊन पहिला बोर्ड मी स्वतःच्या हातानं केला.

१२ मिमीचा प्लाय घ्या, चार फूट बाय तीन. त्याला पांढरा ऑइलपेंट दोन हात. वाळला की जमिनीवर आडवा टाका आणि हत्यारं त्याच्यावर मांडून बघा. लगेच खिळे मारू नका. तीन-चार दिवस तसंच राहू द्या, येता-जाता जागा बदलत राहा. रोज हातात येणारं छातीच्या उंचीवर आणि वाईसच्या बाजूला, क्वचित लागणारं वर, जड खाली. पाने लहानाकडून मोठ्याकडं एका ओळीत, मधे सुताएवढी तरी फट. कानशी एकमेकींना घासतील अशा कधीच नाहीत, दातावर दात आला की बोथट होतात, प्रत्येकीला वेगळा खाचा.

जागा ठरली की प्रत्येकाभोवती पेन्सिल फिरवा आणि आतला आकार लाल किंवा काळ्या रंगानं भरा. मग खिळे. हत्यार उचललं की त्याची सावली मागं राहते. संध्याकाळी शेड बंद करताना मोजायचं नाही, नुसता बोर्ड बघायचा. लाल दिसलं म्हणजे काहीतरी बाहेर आहे.

तुमच्या १६-१७ चीही सावली रंगवा, पाना नसला तरी. १४-१५ वरून माप काढता येईल, थोडा मोठा.

बोर्ड पत्र्याला चिकटवून लावू नका. मागं इंचभर मोकळं ठेवा, हवा खेळती राहील. मेमध्ये आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीसला पत्रा असा तापतो की त्याला टेकलेला पाना हातात धरवत नाही, आणि थंडीत पहाटे पत्र्याच्या आतून दव गळतं. ते थेट हत्यारावर येतं.

परभणीची लेक

मांडणी छानच सांगितली काकांनी. मला विजेबद्दल लिहायचंय, कारण हे माझ्या अंगावर आलेलं आहे.

आमच्याकडं गोठ्याशेजारी शेड आहे. मागच्या वर्षी मी गेटचा अँगल कापत होते, चार इंची ग्राइंडर. मधेच लाइट गेली. मी ग्राइंडर टेबलावर ठेवला आणि आईनं हाक मारली म्हणून घरात गेले. बटण मागं ओढायचं राहिलं. त्या ग्राइंडरचं बटण पुढं सरकवलं की तिथंच अडकतं. वीस-पंचवीस मिनिटांनी लाइट आली. मी ओसरीवर होते, तिथून फक्त आवाज ऐकला. ग्राइंडर टेबलावरून उडाला, स्वतःच्या वायरीत गुंडाळत फरशीवर फिरत राहिला आणि वायर कापली गेली तेव्हा थांबला. माझा पाच वर्षांचा भाचा रोज तिथंच बसून खेळायचा. त्या दिवशी तो झोपला होता.

म्हणून सांगते: लाइट गेली की आधी प्लग उपटायचा, मग हातातलं खाली ठेवायचं. आपल्या भागात लाइट जाणार हे ठरलेलंच आहे. शेडला वेगळी लाइन ओढून घ्या, १६ अँपिअरचे दोन पॉइंट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन आपोआप तोडणारा स्विच. अर्थिंग नुसतं नावाला नको. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग निकामी होतं, खड्ड्यात कोळसा-मीठ असेल तरी मार्च ते जून आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

दुसरं चकतीबद्दल. कापायच्या चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती तिची मुदत. त्यातला गोंद जुना होतो. ओल लागलेली, मुदत गेलेली चकती फेकून द्या. चार इंची चकतीवर १५,३०० फेऱ्यांपर्यंतचा वेग छापलेला असतो आणि ग्राइंडर साधारण ११-१२ हजारांनी फिरतो, ते बसतं. सात इंची चकती फक्त साडेआठ हजारांची असते. गार्ड काढून छोट्या ग्राइंडरला मोठी चकती लावलेली मी कितीदा पाहिलीय! तसं कुणी करायला लागला तर हात धरा त्याचा.

आणि ठिणग्या कुठं जातात ते बघा. आमच्याकडं वेचणीनंतर कापूस घरातच असतो. कापसाच्या ढिगात ठिणगी गेली तर वरून काहीच दिसत नाही, आत धुमसत राहते आणि रात्री पेट घेते. कापूस घरात असेपर्यंत मी ग्राइंडर अंगणात, वाऱ्याची दिशा बघून चालवते.

अंबाजोगाईकर (धागाकर्ता)

ताई, वाचताना काटा आला. आमच्या ओसरीतही दिवाळीत कापूस असतो, चुलत्यांचा. ग्राइंडर आत्ता घेतच नाही. आधी वायरमन बोलावतो.

बॅटरीवरच्या ड्रिलबद्दल काय मत आहे? शेतात नेता येईल.

जुना बाजार फिरणारा

ड्रिल वायरचाच घ्या. तेवढ्याच पैशात दुप्पट ताकद मिळते आणि वीस वर्षं टिकतो. बॅटरी तीन-चार वर्षांत दम टाकते.

परभणीची लेक

मला नाही पटत. शेतात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीशी, लाइट नसताना, माझं निम्मं काम बॅटरीच्या ड्रिलनंच होतं. दगडाला, काँक्रीटला भोक पाडायचं असेल तर वायरचा, ते मान्य. बॅटरी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात त्या तापानं तिचं आयुष्य जातं. घरात कपाटात ठेवा.

लातूरची गंजगोलाई

दोघांचंही बरोबर आहे. दादांनी आधी कामाची वही करावी. एखादं हत्यार दोनदा शेजाऱ्याकडून मागून आणावं लागलं की तिसऱ्यांदा विकत घ्यायचं. माझं शेड असंच भरलं.

नांदेडचा शिल्प निदेशक

आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, म्हणून गंजाचं काम माझं.

वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश आणि डिझेल पुरे. खोल गंजाला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व घ्या. लिटरभर पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम, प्लास्टिकच्या टोपल्यात, पाने पूर्ण बुडतील असे रात्रभर. सकाळी ब्रश मारला की काळपट चिखल निघून जातो आणि खाली करडं लोखंड दिसतं. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. मग कोरड्या फडक्यानं पुसून उन्हात ठेवायचं आणि अंग गरम असतानाच तेल लावायचं. उशीर केला तर तासाभरात नवा तांबूस गंज धरतो. दोन-दोन दिवस बुडवून ठेवू नका, लोखंड खाल्लं जातं. कॅलिपर आणि पोलादी पट्टी त्यात घालूच नका, त्यांना नुसतं तेल आणि मऊ कापड. स्प्रिंगा पण नको.

तेल कुठलं? शिलाई मशीनचं. आपल्याकडं घरात करडईचं तेल असतं म्हणून लोक तेच लावतात. करडई, जवस ही सुकणारी तेलं आहेत, हवेत राहून त्यांचा चिकट पापुद्रा होतो. मग पान्याला धूळ बसते आणि पकडीचा सांधा जाम होतो. खनिज तेलच हवं.

कानशी टाकून देऊ नका. पितळी तारेचा ब्रश दातांच्या दिशेनं फिरवा, मग कानशीवर खडू घासा. खडूमुळं लोखंडाचे कण दातांत रुतत नाहीत. मूठ नसलेली कानस कधीच वापरू नका, तिचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं. दरवर्षी नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी हेच दाखवतो.

हॅक्सॉचं पातं ३०० मिमीचं मिळतं, दात पुढच्या दिशेला. जाड सळईला इंचात १८ दातांचं, अँगल-पाइपाला २४, पातळ पत्र्याला ३२. कापताना निदान तीन दात एका वेळी धातूवर असले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात.

आटे पाडायला पुढं टॅप घ्याल तेव्हा: ६ च्या टॅपला ५ चं भोक, ८ ला ६.८, १० ला साडेआठ. हे मोजमाप बोर्डाच्या कोपऱ्यात रंगानं लिहून ठेवा.

उदगीरचा सुतार

हातोडीच्या दांड्याचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

दांडा हलतो म्हणून पाण्यात भिजवू नका. दोन दिवस घट्ट वाटतो, मग वाळला की आधीपेक्षा जास्त हलतो, कारण भिजून फुगलेली लाकडाची शीर दबून तशीच आवळते. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की सगळे दांडे सैल होतात, ह्यात दोष कुणाचा नाही.

बाभळीचा दांडा करा. तिफणीला, वखराला आपल्याकडं बाभूळ का वापरतात? चिवट असते, हादरा पचवते. खोडाच्या आतलं तांबूस लाकूड घ्या, निदान सहा महिने सावलीत वाळलेलं, आणि शिरा दांड्याच्या लांबीत सरळ गेलेल्या. मधेच तिरपी शीर बाहेर निघत असेल तर तिथंच तुटणार. वरच्या टोकाला खाच पाडून लाकडी पाचर, तिच्यावर आडवी लोखंडी पाचर. ठोकताना हातोडीचं डोकं खाली लोंबतं ठेवून दांड्याच्या बुडावर मारा, डोकं आपोआप वर चढत जातं. डोळ्यानं विश्वास बसत नाही, पण चढतं.

नंतर दांड्याला जवसाचं तेल पाजा, तीन दिवस रोज एक हात. सरांनी सांगितलं तसं लोखंडाला जवस नको, पण लाकडाला तेच लागतं, सुकून लाकडात बसतं. तेलाचं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना आतून तापतं आणि आपोआप पेटतं. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

अंबाजोगाईकर (धागाकर्ता)

सहा आठवडे झाले. काय काय झालं ते सांगतो.

वायरमननं वेगळी लाइन ओढून दिली. अर्थिंगचा जुना खड्डा उकरला तर आतली पट्टी गंजून तुटलेली निघाली. म्हणजे इतकी वर्षं ते अर्थिंग नव्हतंच. ताईंचे आभार मानावेत तेवढे थोडे.

वाईस परळीच्या एका भंगारवाल्याकडं मिळाला, पाच इंची. वाजवून घेतला! टेबल जालन्याच्या काकांच्या मापानं झालं, वर आमच्याच पडलेल्या माळवदाची सागवानी फळी. कोपराच्या उंचीचा हिशेब केला तेव्हा कळलं, बापूंचं टेबल मला का ठेंगणं वाटायचं. ते माझ्यापेक्षा चार बोटं बुटके होते.

पाने लिंबूसत्त्वात घातले. सकाळी आई पाहायला आली आणि टोपल्यातला एक उचलून टिंबांवर अंगठा फिरवत बसली. टिंबं पहिल्यापेक्षा ठळक दिसतात.

खिळे-स्क्रूसाठी पंधरा किलोच्या तेलाचे डबे तिरपे कापून, कड आत दुमडून फळीखाली लावले. स्क्रू ड्रायव्हर उभे राहायला स्प्रिंकलरच्या पाइपाचे तुकडे. बोर्ड चार दिवस जमिनीवरच होता, काकांनी सांगितलं ते खरंच, मी रोज जागा बदलत होतो. पंधरा हजारांतले साडेचार अजून शिल्लक आहेत. ते ड्रिलसाठी ठेवलेत, कुठला ते वही ठरवेल.

१६-१७ ची सावली लाल रंगानं भरली. नवा पाना अजून आणला नव्हता.

लातूरची गंजगोलाई

फळी बघायची इच्छा आहे. खंडेनवमीला येऊ का?

अंबाजोगाईकर (धागाकर्ता)

यायलाच पाहिजे.

काल एक गोष्ट झाली, ती सांगून थांबतो. पलीकडच्या गल्लीतले मोटार वायंडिंगवाले काका शेड बघायला आले. बोर्डापुढं बराच वेळ उभे राहिले. मग त्या लाल जागेवर बोट ठेवून म्हणाले, "हा कुठं गेला?" मी म्हटलं, सापडला नाही. ते काही बोलले नाहीत, निघून गेले.

आज सकाळी सातला दारात. हातात पेपरात गुंडाळलेला पाना. बोअरचा पंप बसवताना बापूंकडून नेलेला, पाच वर्षांपूर्वी. त्यांच्या पेटीच्या तळाशी ग्रीसमध्ये पडला होता, त्यामुळं गंजाचा डागसुद्धा नाही. ग्रीस पुसलं तशी तीन टिंबं दिसली.

सावली मी अंदाजानं काढलेली, पाना तिच्यापेक्षा थोडा लांब निघाला. खालची कड पुन्हा रंगवली. रंग ओला आहे, म्हणून आज रात्री तो पाना टेबलावरच आहे.